महेश एलकुंचवारांची नाटकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'वाडा चिरेबंदी' पाहिलेले लोक भरपूर भेटतात. त्यातल्या बऱ्याच जणांचे एलकुंचवार मात्र तिथेच संपतात. त्यामुळे 'आता पुढे काय वाचू?' इथपासून 'आमच्या संस्थेला यांचं काय झेपेल?' इथपर्यंत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा खटाटोप.

एलकुंचवार मूळचे कुठले? नागपूरचे ना?

राहिले नागपुरात, पण जन्म पारव्याचा. पारवा हे यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. जन्म ९ ऑक्टोबर १९३९. शिक्षणासाठी लहानपणीच घर सोडावं लागलं. पुढे नागपूरचं मॉरिस कॉलेज, इंग्रजीत एम.ए. आणि मग नागपुरातच इंग्रजीची प्राध्यापकी, थेट १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत.

आई-वडलांपासून दूर काढलेलं ते बालपण त्यांच्या लेखनात कायम डोकावतं. दुसरी गोष्ट म्हणजे नाव झाल्यावरही त्यांनी मुंबई-पुण्याला बिऱ्हाड हलवलं नाही. मराठी नाटकाचा सगळा बाजार शिवाजी मंदिर ते बालगंधर्व एवढ्या टापूत भरत असताना हा माणूस आठशे किलोमीटर लांब बसून लिहीत होता. व्यावसायिक नाटकाच्या गणितापासून ते लांब राहिले, त्यात या अंतराचाही वाटा असावा असं मला वाटतं.

नाटकाकडे कसे वळले?

सांगितला जाणारा किस्सा असा. सिनेमाला गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून नाटकाला जाऊन बसले. ते नाटक निघालं विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो', विजया मेहतांनी बसवलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आपल्याला हेच करायचंय, हे तिथे ठरलं.

मग एकांकिका सुरू झाल्या. १९६७ साली 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकात छापून आली आणि विजया मेहतांच्या नजरेत भरली. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी 'सुलतान' आणि 'होळी' आपल्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेतर्फे रंगमंचावर आणल्या. नागपुरातल्या एका नवख्या प्राध्यापकाच्या एकांकिका ज्या बाईंचं नाटक पाहून तो लिहायला लागला त्यांनीच कराव्यात, असा योग क्वचितच येतो.

त्यांची नाटकं साधारण कोणकोणत्या तऱ्हेची आहेत?

काळाप्रमाणे ढोबळ तीन टप्पे पडतात, पण ते फार काटेकोर धरू नयेत.

सुरुवातीच्या लेखनात राग आहे. 'सुलतान', 'होळी', 'यातनाघर', 'गार्बो', 'वासनाकांड' ही सगळी साठीच्या दशकाच्या अखेरीपासून १९७२-७३ पर्यंतची. माणसं एकमेकांना ओरबाडतात, हिंसा आणि लैंगिकता उघडी असते, संवाद चाबकासारखे येतात. 'रक्तपुष्प'ही याच सुमाराचं. पाळी थांबत आलेली आई, वयात आलेली मुलगी आणि घरात राहायला आलेला तरुण पेइंग गेस्ट असा त्यातला पेच आहे. मराठी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात तेव्हा हा विषय काढायची हिंमत फारशी कुणी करत नव्हतं.

'पार्टी' (१९७६) नंतर मोठी शांतता. आणि मग 'वाडा चिरेबंदी'. हे नाटक त्याच माणसाने लिहिलंय यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही, इतका स्वर बदललेला. त्याच्या पाठोपाठ 'प्रतिबिंब', 'आत्मकथा', 'मग्न तळ्याकाठी', 'युगान्त'. त्यानंतर 'वासांसि जीर्णानि', 'धर्मपुत्र', 'सोनाटा', 'एका नटाचा मृत्यू'. या शेवटच्या गटात घटना कमी होत जातात आणि मरण, एकटेपण, कलावंताचं आयुष्य हे विषय पुढे येतात.

एक गोष्ट सगळ्यांत सारखी. एलकुंचवारांची माणसं बहुधा चार भिंतींच्या आत असतात. होस्टेल, भाड्याची खोली, पार्टीचा दिवाणखाना, वाडा, मरणाऱ्या माणसाची खोली, मुंबईतला फ्लॅट. नाटकाची शैली बदलते, पण दार बंद असतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या नाटकांचं मर्म या बंद दारात आहे. बाहेर जाऊ पाहणारी माणसं आणि त्यांना धरून ठेवणारं घर. 'युगान्त'मध्ये घरच उरत नाही, तेव्हा काय होतं हे पाहण्यासारखं आहे.

कुठून सुरुवात करावी?

'वाडा चिरेबंदी'. यात वेगळं काही सांगून भाव खाण्यात अर्थ नाही. त्यानंतर लगेच 'मग्न तळ्याकाठी' घेऊ नका. मध्ये 'आत्मकथा' वाचा म्हणजे या लेखकाचा आवाका कळेल, मग पुन्हा वाड्यात जा. 'वासनाकांड' आणि 'गार्बो' शेवटी ठेवा. ती वाईट आहेत म्हणून नव्हे, पण पहिल्याच भेटीत ती वाचली तर माणूस बिचकतो.

'वाडा चिरेबंदी'त असं काय आहे की त्याचं इतकं नाव झालं?

गोष्ट साधी आहे. धरणगावकर देशपांडे हे विदर्भातलं जुनं वतनदार घराणं. तात्याजी वारले आहेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायको अंजलीला घेऊन दिवसांसाठी येतो. वाड्यात थोरला भास्कर, वहिनी, त्यांची मुलं पराग आणि रंजू, लग्न न झालेली बहीण प्रभा, सगळ्यांची कामं मुकाट उपसणारा धाकटा चंदू, आई, आणि अगदी म्हातारी दादी. तेराव्याला गावजेवण घालायचं की नाही, घातलं तर पैसे कुठून आणायचे, यावर घर हळूहळू उसवत जातं. वतन कधीच गेलं आहे, ऐट मात्र गेलेली नाही. गावजेवणासाठी वाड्याचाच भाग विकायची पाळी येते.

या नाटकात खलनायक नाही. भास्कर लबाडी करतो, पण त्याच्या जागी आपण काय केलं असतं असा प्रश्न पडतो. सुधीर शहाण्यासारखं बोलतो, पण त्याचं शहाणपण परतीच्या तिकिटाच्या जोरावर आहे. प्रभाला शिकायचं होतं, घराण्याच्या इभ्रतीपायी तिला बाहेर पाठवलं नाही. आता ती वाचत बसते आणि टोचून बोलते. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय. नाटकभर तो तिथेच असतो, ठेच लागण्यापलीकडे त्याचा कुणाला उपयोग नाही. शेती सुधारायची म्हणून कधीतरी आणलेली ही वस्तू त्या घराबद्दल जे सांगते ते पानभर संवादांनी सांगता आलं नसतं.

आणि दागिन्यांचा प्रसंग. रात्री भास्कर घराण्याच्या दागिन्यांची पेटी काढतो आणि वहिनी एकेक दागिना अंगावर चढवते. दिवसभर स्वयंपाकघरात राबणारी, जुनेर नेसलेली बाई बघता बघता कुण्या पिढीतली देशपांड्यांची सून होऊन उभी राहते. संवाद अगदी थोडे. चांगली नटी असेल तर या प्रसंगात प्रेक्षागृहात खोकलाही ऐकू येत नाही. पुढे हेच सोनं घेऊन रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर मुंबईला पळून जाते. सगळं घर ज्याच्यावर डोळा ठेवून होतं ते असं एका पोरीबरोबर जातं, आणि त्यानंतर कोण कसं वागतं यात नाटकाचा खरा कस आहे. नवऱ्याला आणि सासरला आयुष्यभर मान देत आलेली वहिनी त्या पडझडीत सगळ्यांहून उंच होते. पहिल्या वाचनात मला ती केवळ सोशिक वाटली होती. प्रयोगात कळतं की हे नाटक जितकं भास्करचं तितकंच तिचं आहे.

१९८५ मध्ये विजया मेहतांनी 'कलावैभव' या नाट्यसंस्थेतर्फे ते रंगमंचावर आणलं. हिंदीत ते 'विरासत' या नावाने झालं. २०१४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी नव्या संचात पुन्हा केलं आणि नव्या पिढीनेही गर्दी केली.

त्यातली बोली वऱ्हाडी आहे का? पुण्या-मुंबईच्या नटांना जमते?

वऱ्हाडी-नागपुरी वळणाची आहे. 'काय करून राहिला?' ही त्या बाजूची घरगुती धाटणी. पण वाड्यातली सगळी माणसं एकसारखी बोलत नाहीत, आणि खरी गंमत तिथे आहे. मुंबईत वर्षानुवर्षं राहिलेल्या सुधीरची भाषा घासली गेली आहे. अंजली तर कोकणातली, तिला हे बोलणंही परकं आणि इथला थाटही. कोण कुठल्या भाषेत बोलतो यावरून कोण वाड्याच्या किती आत आहे ते कळतं.

नटांना जमतं का? काहींना जमतं. न जमणारे 'बाप्पा, बाप्पा' करत तिचा विनोद करून टाकतात. कित्येक वर्षं मराठी रंगभूमीवर वऱ्हाडी बोलणारा म्हणजे गडी नाहीतर हसवणारा, अशी सवय प्रेक्षकांनाही होती. या नाटकाने त्या बोलीत शोकांतिका उभी केली, हे विदर्भाबाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही. तालमीत एखादा यवतमाळ-अमरावतीकडचा माणूस बसवून घ्या, निम्मं काम होतं.

हे शेवटी एका ब्राह्मण जमीनदार घराण्याचं रडगाणं नाही का?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. देशपांडे ज्या वैभवासाठी हळहळतात त्यासाठी कुणीतरी दुसऱ्यांनी घाम गाळला होता. त्या कष्टकऱ्यांचा आवाज नाटकात जवळजवळ नाही.

पण पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी जमीनदारी, तिथे १९५० च्या कायद्याने गेली. विदर्भासाठीचा कूळकायदा १९५८ चा, आणि कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. म्हणजे दहा-बारा वर्षांत या वर्गाच्या पायाखालची जमीन, अगदी शब्दशः, निघून गेली. जे शिकले ते शहरात गेले, जे राहिले ते वाड्याला धरून बसले. एलकुंचवार या बदलाला अन्याय म्हणत नाहीत. हातात काही नसताना हुकमत गाजवणाऱ्यांचं हसंही होतं आणि कीवही येते, असं दोन्ही ते एकाच वेळी घडवतात. चंदूचंच बघा. बाहेरचे राबणारे हात गेल्यावर घराणं आपल्यातल्याच एकाला गडी बनवतं. घराण्याच्या मोठेपणाची इतकी कडवट तपासणी रडगाण्यात होत नसते. तरीही ज्यांना हे नाटक परकं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांची बाजू मांडणारी नाटकं दलित रंगभूमीने लिहिली आहेत, त्यातली काही याच विदर्भातल्या लेखकांनी.

त्रिनाट्यधारा म्हणजे काय? क्रमानेच बघायला हवी का?

'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तीन नाटकं मिळून. हो, क्रमानेच.

दुसऱ्या नाटकात मधे दहा वर्षं गेली आहेत. परागच्या हातात पैसा खुळखुळतोय, त्याचं लग्न झालंय, वाड्याला नवी कळा आली आहे. तो पैसा कुठल्या वाटेने आला हा प्रश्न मात्र घरात कुणी विचारू धजत नाही. सुधीरचा मुलगा अभय येतो आणि दोन चुलत भावांमधलं नातं नाटकाच्या केंद्राशी येतं. 'युगान्त'मध्ये दुष्काळाने सगळं भाजून निघालंय, वाडा ढासळलाय, आणि हेच दोघे त्या ओसाडीत बोलतात. तिथे वास्तववाद गळून पडतो. कौटुंबिक नाटक बघायला आलेला प्रेक्षक इथे चुळबुळ करतो, हे खरं आहे. मलाही 'युगान्त' वाचताना जेवढं भिडतं तेवढं रंगमंचावर भिडलेलं नाही. पण पहिल्या नाटकातला वाड्याचा तोरा आठवत असेल, तर तिसऱ्यातली राख अंगावर येते.

१९९४ साली 'आविष्कार' या नाट्यसंस्थेतर्फे चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग सादर केली. आठ-नऊ तासांचा प्रकार होता. 'युगान्त'साठी एलकुंचवारांना २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि सरस्वती सन्मान मिळाला. सरस्वती सन्मान त्याआधी मराठीत फक्त तेंडुलकरांना मिळाला होता.

'वासनाकांड'वर बंदी आली होती म्हणतात, ते काय प्रकरण?

बहीण-भावातल्या शरीरसंबंधाचं नाटक आहे. नाटकांच्या संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली आणि ते बसवणारे अमोल पालेकर कोर्टात गेले. सत्तरीचं दशक मंडळाच्या अशा भानगडींनी भरलेलं होतं. तेंडुलकरांची 'गिधाडे' आणि 'सखाराम बाइंडर' याच काळातली. गवगवा सोडून नाटक म्हणून वाचलं तर त्यात सनसनाटीपेक्षा काव्यच जास्त आहे, जरा जास्तच.

लेखक-कलावंतांवरच ते इतकं का लिहितात?

'पार्टी', 'आत्मकथा', 'एका नटाचा मृत्यू' ही नावं घेऊन हा प्रश्न विचारला जातो. मला वाटतं, त्यांना सगळ्यात जास्त संशय आपल्याच जमातीचा आहे.

'पार्टी'त दमयंती राणेंच्या घरी बर्वे या नामवंत लेखकाला पुरस्कार मिळाल्याबद्दल जमलेली मंडळी आहेत. ग्लासं किणकिणतात, टोमणे मारले जातात. ज्याच्याबद्दल सगळे बोलतात तो अमृत हा कवी मात्र तिथे नाहीच. तो आदिवासींमध्ये काम करायला निघून गेला आहे. रंगमंचावर न येणाऱ्या या माणसासमोर आलेला प्रत्येक जण खुजा दिसतो.

'आत्मकथा' त्याहून बारीक काम आहे. अनंतराव राजाध्यक्ष हे वयोवृद्ध लेखक प्रज्ञा या संशोधक मुलीला आत्मचरित्र सांगत आहेत. त्यांची बायको उत्तरा, तिची धाकटी बहीण वासंती आणि ते स्वतः यांच्यात जे घडलं त्यावर त्यांनी पूर्वी कादंबरी लिहिली होती. आता आत्मचरित्रात तेच वेगळं येतं, उत्तरा आणखी वेगळं सांगते, आणि कादंबरीतली पात्रंही आपलं म्हणणं घेऊन उभी राहतात. खरं काय ते शेवटपर्यंत हाती लागत नाही. लेखक सोयीप्रमाणे आठवतो, आणि त्याच्या भाषेला भुलून आपणही मान डोलावतो. संवाद सगळे सभ्य, सुसंस्कृत, आणि प्रत्येकाला धार.

'प्रतिबिंब' विनोदी आहे की गंभीर?

हसा खुशाल. एक माणूस सकाळी उठून आरशात बघतो तर प्रतिबिंबच गायब. घरमालकीण बाईंना त्यात प्रसिद्धीची संधी दिसते! पहिली वीस मिनिटं लोक खळखळून हसतात. पुढे हसू कमी होत जातं, आणि दिग्दर्शकाने ते ओढूनताणून चालू ठेवू नये. उलट पुढचा गंभीरपणा नट आधीच चेहऱ्यावर घेऊन आले तरी नाटक पडतं.

'सोनाटा'त फक्त तीन बायकाच आहेत का?

हो. अरुणा, डोलन आणि सुभद्रा. मुंबईतल्या, शिकलेल्या, कमावत्या, चाळिशीपलीकडच्या. एका संध्याकाळच्या गप्पा, पिणं, भांडण, पुन्हा गप्पा. 'वाडा'तल्या प्रभाला जे हवं होतं ते सगळं या तिघींकडे आहे असं मला नेहमी वाटतं, म्हणून ही दोन नाटकं लागोपाठ वाचावीत.

त्यांच्या नाटकांवर कुठले सिनेमे आले?

गोविंद निहलानींचा 'पार्टी' आणि केतन मेहतांचा 'होली', दोन्ही १९८४ चे. 'पार्टी'त दमयंतीबाई आहेत खुद्द विजया मेहता. सिनेमात अमृत ओझरता दिसतो, नाटकातला न दिसणारा जास्त परिणाम करतो असं माझं मत. 'होली'त अगदी कोवळा आमिर खान आहे. कॉलेजच्या पोरांची मस्ती एका मुलाच्या जिवावर कशी उठते, त्याची ती गोष्ट. रॅगिंगच्या बातम्या वाचताना आजही आठवते. २०१७ मध्ये अपर्णा सेन यांनी 'सोनाटा' इंग्रजीत केला, सोबत शबाना आझमी आणि लिलेट दुबे.

झाडीपट्टीच्या नाटकांशी त्यांचा काही संबंध?

नाही. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडपात रात्रभर चालणारी, गाण्यांची, हजारोंच्या गर्दीची रंगभूमी. तिचे लेखक, कंपन्या, प्रेक्षक सगळं स्वतंत्र. दोन्ही विदर्भातलं, एवढंच.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या हौशी संस्थेने कुठलं घ्यावं?

माणसं कमी असतील तर 'प्रतिबिंब', 'रक्तपुष्प' किंवा 'आत्मकथा'. 'आत्मकथे'साठी साठीचा वाटणारा, आवाजावर हुकमत असलेला नट आधी शोधा, तो नसेल तर नाद सोडा. बायकांची फळी चांगली असेल तर 'सोनाटा'. महाविद्यालयीन मुलांसाठी 'होळी' अजूनही टवटवीत आहे, फक्त मोबाइल वगैरे घुसवून ती 'आजची' करू नका.

'वाडा' घेताना नेपथ्याच्या मोहात पडू नका. खांब, तुळया, कडीपाट करण्यात सगळे पैसे घालवणाऱ्या संस्था पाहिल्या आहेत. नंतर तालमीला वेळ नसतो. वाडा मुख्यतः माणसांच्या बसण्या-उठण्यातून दिसतो: कोण कुठल्या दारापाशी थांबतं, कोण कधी ओसरीवर येतं, सून सासऱ्यांच्या खोलीकडे बघताना काय करते.

आणि विराम. छापलेल्या संहितेत जिथे थांबायला सांगितलंय तिथे थांबा. लांबी कमी करायची म्हणून हौशी मंडळी पहिल्यांदा याच जागा खातात.

परवानगीचं काय?

लेखकाची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. काटछाट करणार असाल तर तेही आधी विचारा. तालमी सुरू करून मग पत्र टाकण्याची पद्धत फार बोकाळली आहे.

नाटक बघायला मिळत नाही, नुसतं वाचून भागेल?

बरंच भागेल. त्यांच्या रंगसूचना नेमक्या असतात आणि संवादांची लय मनातल्या मनात वाचतानाही लागते. बरीचशी पुस्तकं मौज प्रकाशनाची आहेत. शक्यतो दोघा-तिघांनी मिळून मोठ्याने वाचा, विशेषतः 'वाडा'चा पहिला अंक. आणि नाटकांपलीकडे जायचं असेल तर 'मौनराग' हे ललित लेखांचं पुस्तक घ्या. त्यात पारवा आहे, आई आहे, घर सोडून आलेला मुलगा आहे. पण ते नाटकांच्या नंतर. आधी वाचलं तर प्रत्येक पात्रात लेखकच शोधत बसाल.